जावईबापूंची परतीची तारीख

जिन्याखालच्या खोलीत एकूण छत्तीस वस्तू होत्या. घडीच्या खुर्च्या बावीस, घडीची टेबलं चार, शिड्या दोन (एक लांब, एक बुटकी), भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल एक, पाणी उपसायचा पंप एक, चाकांची खुर्ची एक, वॉकर एक, सामान वाहायची ढकलगाडी एक, कुबड्या दोन, आणि एक लोखंडी वस्तू, जिला दांडा होता, दोन चाकं होती, पण उपयोग नव्हता. निदान तो कोणाला ठाऊक नव्हता.

सासरे म्हणाले, पस्तीस.

"कुबड्यांची जोडी ही एक वस्तू," असं ते आपल्या मुलीला म्हणाले. जावई समोरच उभा होता, पण सासरे त्याच्याशी थेट बोलत नसत. राग नव्हता, पद्धत होती. चहा घेणार का, हेसुद्धा ते मुलीकरवी विचारत. "त्यांना सांग, जोडी म्हणजे एक नग. आम्ही खात्यात असंच मोजायचो."

खातं म्हणजे वजनं-मापं तपासायचं. सासऱ्यांनी आयुष्यभर दुकानादुकानांतून तराजू तपासले होते आणि खऱ्या वजनांवर शिक्के मारले होते. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून इमारतीने त्यांना जिन्याखालच्या खोलीची किल्ली दिली. आठ घरांनी मिळून घेतलेल्या या वस्तू. लागेल त्याने न्याव्या, काम झालं की आणून द्याव्या. दुसरा भाग सहसा राहून जाई.

"बाबांना सांग," जावई बायकोला म्हणाला, कारण ही पद्धत संसर्गजन्य असते, "कुबड्या दोन आहेत. एक हरवली तर एक उरते. म्हणजे दोन वस्तू."

बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि दोन पदार्थ एकमेकांत विरघळत नसतील तर मध्ये ढवळत बसू नये हे तिला ठाऊक होतं. "तुम्ही दोघं एकाच खोलीत आहात," ती म्हणाली आणि आत गेली.

छत्तीस कायम झाले, कारण डेटाबेस जावई करणार होता.

मुळात हे काम त्याच्याकडे कोणी सोपवलं नव्हतं. तो आणि त्याची बायको सासऱ्यांकडे दोन महिन्यांसाठी राहायला आले होते, त्यांचं स्वतःचं घर बांधून होईपर्यंत. या गोष्टीला दीड वर्ष झालं होतं. बिल्डर दर दोन महिन्यांनी एक पत्र पाठवून आणखी दोन महिने मागायचा. खाली नावांच्या पाटीवर सासऱ्यांच्या नावापुढे 'व इतर दोन' असं लिहिलेलं होतं. इमारत त्याला जावईबापू म्हणत असे. त्याचं खरं नाव विचारायची वेळ कोणावर आली नव्हती. आणि एकदा जिन्यात त्याने सासऱ्यांना वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याशी बोलताना ऐकलं होतं. "आता काय," सासरे म्हणत होते, "मुदत संपली की जातील." सुस्कारा होता की समाधान, ते खालच्या वळणावरून कळलं नाही. त्या दिवसापासून आपण या घराला काहीतरी लागतो हे सिद्ध करून दाखवायचं, असं त्याने मनाशी घेतलं होतं. नळ दुरुस्त करणं त्याला जमत नव्हतं. नोंदी ठेवणं हा त्याचा धंदाच होता.

साधा तक्ता त्याने पहिल्याच दिवशी फेटाळला. तक्त्यात सगळ्या वस्तूंना तेच रकाने. म्हणजे शिडीच्या नावापुढे 'किती व्होल्ट' हा रकाना येणार आणि रिकामा राहणार, ड्रिलच्या नावापुढे 'पायऱ्या किती' येणार आणि तोही रिकामा राहणार. जावयाला रिकामे रकाने बघवत नसत. काही माणसांना वाकडी तसबीर बघवत नाही, तसंच. म्हणून त्याने ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डेटाबेस घेतला. त्यात सगळ्यात वर एक मूळ वर्ग: 'वस्तू'. वस्तू म्हटली की तिला क्रमांक, स्थिती, आणि ती कोणाकडे आहे, एवढं हवंच. त्याच्या खाली 'शिडी', 'खुर्ची', 'यंत्र' हे वर्ग. खालच्यांना वरच्याचं सगळं आपोआप मिळतं, शिवाय स्वतःचं वेगळं काही ठेवता येतं. शिडीने पायऱ्या सांगाव्या, ड्रिलने व्होल्ट सांगावे, एकमेकांना त्रास नाही. चाकांची खुर्ची खुर्चीच्या खाली गेली. लोखंडी वस्तू कशाच्याच खाली जाईना. तिच्यासाठी 'इतर' नावाचा वर्ग करताना जावयाने ते नाव दोनदा खोडून पाहिलं, कारण तो शब्द त्याने पाटीवर रोज वाचलेला होता.

"छान आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि इमारतीला शाळेसारखंच चालवायच्या. "पण लांब शिडी डॉक्टरांकडे आहे, असं नुसतं अक्षरांत लिहून कसं चालेल? डॉक्टर कोण, कुठल्या मजल्यावर, फोन काय, ते पण त्यात हवं. माणसांच्या नोंदी घाला, जावईबापू."

"बाई, माणसांसाठी रचना बदलावी लागेल."

"मग बदला. वहीत मी एक ओळ आखते तेव्हा वही असं बोलून दाखवत नाही."

इथे जावयाच्या हातून जी चूक झाली ती आळसाची नव्हती. ती काटकसरीची होती. इमारतीत लहानमोठी धरून एकोणीस माणसं. प्रत्येकाला क्रमांक हवा, आणि क्रमांक देण्याची सोय 'वस्तू'त तयार होती. म्हणून त्याने 'रहिवासी' हा वर्ग 'वस्तू'च्या खाली ठेवला.

बायकोने खांद्यावरून पडद्यावर पाहिलं. "बाबांना वस्तू केलंस?"

"तात्पुरतं."

"आपण इथे तात्पुरतेच आलो होतो."

माणसांना वस्तूचे गुणधर्म मिळाले. 'स्थिती' भरणं सक्तीचं होतं, म्हणून जे भरलेलं नाही तिथे आपोआप येणारं उत्तर आलं: 'वापरलेली, चालू'. ते सगळ्यांनाच लागू पडत असल्याने जावयाने बदललं नाही. 'कोणाकडे आहे' हेही सक्तीचं. घरमालकांच्या नोंदीत त्याने 'स्वतःकडे' असं भरलं. बायकोसुद्धा स्वतःकडे, कारण दुसरं काही लिहायची त्याची हिंमत नव्हती. स्वतःच्या नोंदीशी मात्र तो थोडा वेळ थांबला. तो काटेकोर माणूस होता. जे खरं ते लिहायचं. त्याने लिहिलं: 'सासऱ्यांकडे'.

दुसरा बदलही बाईंनीच सुचवला. वस्तू परत येत नाहीत, म्हणून प्रत्येकीला परतीची तारीख हवी, आणि तारीख उलटली की ज्याच्याकडे वस्तू असेल त्याच्या फोनवर दर सोमवारी सूचना जावी. जावयाने 'परतीची तारीख' मूळ वर्गात घातली, म्हणजे एकदा लिहिलं की सगळ्यांना मिळालं. रिकामी ठेवायची मुभा त्याने दिली नाही. मुभा दिली की लोक तेवढीच वापरतात. न भरल्यास एक महिना, असं ठरवलं. जुन्या नोंदी मात्र एकदम बदलल्या नाहीत. एखादी नोंद कोणी उघडली की तेव्हाच ती नव्या रचनेत यावी, अशी सोय त्याने केली. ही पद्धत चांगली समजली जाते. सगळी इमारत एकाच दिवशी रंगवायच्या ऐवजी ज्या खोलीचं दार उघडेल ती रंगवायची, तसं. माणसांच्या नोंदी कोण उघडणार? वेळ मिळाला की माणसांना वस्तूंतून बाहेर काढायचं, असं त्याने ठरवलंही होतं.

सासऱ्यांना त्याने नोंदी बघायला शिकवलं, म्हणजे बायकोला शिकवलं आणि तिने सासऱ्यांना. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून सासरे बसले आणि त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक नोंद उघडून तपासली. पंचावन्नच्या पंचावन्न. तपासनीस म्हटल्यावर मधली सोडायची कशी?

महिन्याभराने सोमवारी सकाळी दंतवैद्य हातात फोन धरून खाली आले.

"जावईबापू, हे काय आहे? 'वस्तू: दंतवैद्य. स्थिती: वापरलेली, चालू. सध्या: स्वतःकडे. मुदत संपली आहे. कृपया जिन्याखालच्या खोलीत जमा करावी.'"

"डॉक्टर, ती रचनेतली एक छोटी..."

"नाही नाही, बरं वाटलं. मी स्वतःकडे आहे की नाही याची मला गेली कित्येक वर्षं शंका होती."

अध्यक्षबाईंना विनोद आवडला नाही. "स्थिती वापरलेली?" त्या जिन्यावरूनच म्हणाल्या. "छत्तीस वर्षं शिकवलं मी! वापरलेली!"

"बाई, पुढे 'चालू' पण आहे."

हे बोलल्यावर आपण बोलायला नको होतं, हे जावयाच्या लक्षात आलं.

घरी सासरे जेवणाच्या टेबलाशी फोन समोर ठेवून बसले होते. त्यांनी तो मुलीच्या दिशेने सरकवला. जावयाने उभ्यानेच वाचलं. 'वस्तू: जावई. सध्या: आपल्याकडे. मुदत संपली आहे. कृपया जिन्याखालच्या खोलीत जमा करावी.'

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. मग सासरे मुलीला म्हणाले, "त्यांना विचार, मुदतवाढीचा अर्ज कोणाकडे करायचा."

आपली चूक दुरुस्त करायला जावयाला एक दुपार पुरली असती. माणसांना 'वस्तू'च्या खालून काढायचं, वेगळ्या वर्गात ठेवायचं, की तारखा, स्थिती, सूचना सगळं गळून पडतं. पण त्याच संध्याकाळी अध्यक्षबाईंनी तातडीची बैठक घेतली आणि ठराव झाला: सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय रचनेत एकही बदल करू नये. "प्रत्येक बदल करताना तुम्ही छोटासा आहे म्हणता," बाई म्हणाल्या. "पहिल्या छोट्याशा बदलात आम्ही वस्तू झालो. दुसऱ्यात आमची मुदत संपली. तिसऱ्याची मी वाट बघणार नाही."

सभा तीन महिन्यांनी होती. तोपर्यंत ज्याची मुदत संपेल त्याने कारण देऊन एक महिना वाढवून घ्यायचा. लोकांनी घेतला. पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याने सल्ला दिला की माणसांपेक्षा डेटाबेसच खोलीत जमा करावा. दंतवैद्यांनी सुचवलं की जावईबापूंना खरोखरच खोलीत नेऊन बसवावं, पावती घ्यावी आणि लगेच परत न्यावं, म्हणजे कागदोपत्री प्रश्न मिटेल. चाकांची खुर्ची तिथेच आहे, हेही त्यांनी सांगितलं.

सासऱ्यांनी पहिला अर्ज केला. 'कारण' या ओळीत त्यांनी लिहिलं: 'वस्तू उपयोगाची आहे किंवा कसे, हे ठरायचे आहे.'

जावयाने ते वाचलं. वाचणं त्याला भाग होतं, अर्ज त्याच्याच यंत्रणेत येत होते. रात्रीच्या जेवणाला त्याने भूक नाही म्हणून सांगितलं आणि नंतर उभ्याने डब्यातली बिस्किटं खाल्ली.

"त्यांना मला नीट सांगता आलं असतं," तो बायकोला म्हणाला. "जा म्हणाले असते तर गेलो असतो."

"बाबा बोलत नाहीत, अर्ज करतात. आईला लग्नाचं विचारलं तेही लेखी. तीन मुद्दे होते."

"आणि आईंनी?"

"आईने खुलासा मागवला होता."

दुसऱ्या महिन्याचं कारण: 'तपासणी चालू आहे.'

त्या महिन्यात लोखंडी वस्तूवर क्रमांकाची चिठ्ठी नीट चिकटली आहे का, हे बघायला सासरे खोलीत गेले. ती वस्तू वरच्या फळीवर होती, म्हणून ते बुटक्या शिडीवर चढले. शिडीला पायऱ्या चार, असं नोंदीत होतं. सासरे नोंदीवर विसंबले आणि त्यांनी चौथ्या पायरीवर पाय ठेवला. चौथी पायरी म्हणून जावयाने जी मोजली होती ती शिडीची वरची पट्टी होती, आणि तिच्यावरून पाय निसटला. घोटा सुजून टोमॅटोएवढा झाला. हाड शाबूत होतं, पण पाय टेकायचा नाही, असं सांगण्यात आलं. कुबड्या वापरा.

कुबडी क्रमांक एक खोलीत होती. कुबडी क्रमांक दोन नव्हती.

नोंदीप्रमाणे ती दंतवैद्यांकडे होती, आणि मुदत अजून तीन आठवडे शिल्लक होती. त्यांच्या दवाखान्याची खिडकी उघडी राहत नसे म्हणून त्यांनी ती टेकवायला नेली होती. जोडी असती तर देताच आली नसती. दोन वस्तू होत्या म्हणून यंत्रणेने एक विनातक्रार दिली. डॉक्टर तर लगेच आणून द्यायला निघाले होते. पण ती ओढताना खिडकी धाडकन खाली आली आणि कुबडीचे दोन तुकडे झाले, म्हणजे आता त्या एकूण तीन होत्या.

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे छताकडे बघत होते. 'पस्तीस' हा शब्द खोलीत कोणी उच्चारला नाही.

"मी धरतो," जावई म्हणाला.

नवी कुबडी घ्यायची तर बाईंच्या मते नवी वस्तू, म्हणजे नवी नोंद, म्हणजे बदल, म्हणजे सभा. तेव्हा सासरे उजव्या काखेत कुबडी क्रमांक एक आणि डाव्या हाताखाली जावई अशा थाटात घरभर फिरू लागले. सकाळी मोरीपर्यंत, मग गॅलरीपर्यंत, संध्याकाळी जिना उतरून खोलीपर्यंत. एक अडचण अशी आली की जिन्यावर पुढचं पाऊल कधी टाकायचं हे ज्याच्या खांद्यावर हात आहे त्याला मुलीकरवी सांगता येत नाही. मुलगी शाळेत गेलेली असायची.

पहिले दोन दिवस सासरे नुसतं खाकरले. तिसऱ्या दिवशी मधल्या वळणावर म्हणाले, "थांबा."

जावई थांबला. त्याला वाटलं मागे कोणी आहे.

"तुमचा खांदा डावीकडे उतरता आहे," सासरे म्हणाले. "तराजू असता तर नापास केला असता."

"पिशवी याच खांद्यावर घेतो ना, म्हणून."

"दुसऱ्यावर घेत चला." दोन पायऱ्या झाल्या. "शिडीला तीन पायऱ्या आहेत."

"हो. दुरुस्त करतो."

"सभेशिवाय?"

"तो रचनेतला बदल नाही, बाबा. आकडा चुकला होता, आकडा बदलायचा. रचना तीच राहते."

सासरे याच्यावर पुढच्या वळणापर्यंत विचार करत राहिले. "म्हणजे वजनात शिसं भरून ते खरं करतात तसं," ते म्हणाले. "वजन बदलत नाहीत, शिसं बदलतात."

"अगदी तसंच."

"मग आधी असं सांगायचं." आणि उरलेल्या पायऱ्या उतरेपर्यंत त्यांनी खोट्या वजनांच्या एकोणीस तऱ्हा सांगितल्या. जावयाला त्यातल्या बाराव्या तऱ्हेला खरोखर हसू आलं. एवढ्या दिवसांत दोघं पहिल्यांदाच एकाच गोष्टीला हसत होते, आणि हसताना तोल जाऊन दोघंही भिंतीवर आदळले.

घोटा बरा झाला. त्यानंतरही दोन-चार दिवस सासऱ्यांचा हात खांद्यावर येत राहिला. मग त्यांच्या लक्षात आलं असावं.

सभेच्या आठवड्यात बिल्डरचं पत्र आलं. या वेळी त्याने मुदत मागितली नव्हती. घर तयार होतं, किल्ल्या घेऊन जाव्यात. बायकोने पत्र टेबलावर ठेवलं. सासऱ्यांनी ते वाचलं, घडी घातली, होतं तिथे ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसले.

"विचार ना त्यांना," जावई कुजबुजला.

"तू विचार. आता बोलता ना तुम्ही."

"जिन्यात बोलतो. घरात अजून सुरुवात नाही झाली."

सर्वसाधारण सभा गच्चीवर भरली. सभेला खुर्च्या लागतात आणि खुर्च्यांना नोंद लागते, म्हणून पहिला अर्धा तास कोण कोणत्या क्रमांकावर बसलं हे लिहिण्यात गेला. माणसांना वस्तूंपासून वेगळं करण्याचा जावयाचा प्रस्ताव पहिला होता. शिंप्याने विचारलं की वेगळं केल्यावर क्रमांक बदलणार का. त्याला सात नंबर मिळाला होता आणि तो त्याला लाभला होता. बाईंनी विचारलं की स्थिती जाणार असेल तर जाण्याआधी तिची एकदा लेखी दुरुस्ती होईल का. मग कोणीतरी कुबड्यांचा विषय काढला आणि तुटलेली कुबडी एक मोजायची की दोन यावर तास गेला. प्रस्ताव पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.

"आणखी काही?" बाईंनी विचारलं.

सासरे क्रमांक चौदाच्या खुर्चीवरून उठले. त्यांनी खिशातून कागद काढला. रचनेत एकच बदल मागितला होता: परतीची तारीख रिकामी ठेवता यावी. वस्तू ज्याच्याकडे आहे त्याने कारण द्यावं, सभेने मंजूर करावं.

"जावईबापू, हे होतं का?" बाईंनी विचारलं.

जावयाने रिकाम्या रकान्यांबद्दलची आपली मतं आठवून पाहिली. "होतं," तो म्हणाला.

बदल मंजूर झाला. लगेच बाईंनी विचारलं की कोणाला तारीख रिकामी करून हवी आहे, आणि अर्ज वाटले. जे स्वतःकडे होते त्यांनी स्वतःला कायम ठेवून घेण्याचं कारण लिहायचं होतं. लोक पेनं उघडून बसले. दंतवैद्यांनी दोनदा लिहून खोडलं. "महिन्याचीच मुदतवाढ बरी," ते अर्ज कोराच परत देत म्हणाले. "तिला एवढं कारण लागत नाही." बाईंनीही आपला अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला.

भरलेला अर्ज एकच आला. बाईंनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला, शाळेत निकाल वाचावा तसा.

"वस्तू: जावई. सध्या: माझ्याकडे. कारण: तपासणी पूर्ण झाली. माप बरोबर आहे."

कोणाची हरकत आहे का, असं विचारण्यात आलं. नव्हती. बायको गच्चीच्या कठड्याकडे तोंड करून उभी होती. सासरे खाली बसले आणि थोड्या वेळाने खुर्ची क्रमांक पंधराकडे वळून, मध्ये कोणालाही न घालता, म्हणाले, "चहा घेणार का?"

दुसऱ्या दिवशी जावयाने बदल केला आणि मोजणी चालवून पाहिली. एकूण नोंदी: पंचावन्न. परतीची तारीख असलेल्या: चौपन्न. तारीख नसलेल्या: एक.